मटकीला मोड येता येत नाहीत. नेमकं काय चुकतंय?

एकटाजीव_हिंजवडी | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न क्षुल्लक आहे, पण तिसऱ्यांदा मटकी फेकल्यावर विचारतोय.

फ्लॅटवर दोघं राहतो. स्वयंपाक माझ्याकडे, भांडी रूममेटकडे. रोजच्या बाहेरच्या खाण्याला कंटाळून उसळ-पोळीवर यायचं ठरवलं. खालच्या दुकानातून अर्धा किलो मटकी आणली, रात्री भिजत घातली, सकाळी पाणी काढून स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवली आणि ऑफिसला गेलो. संध्याकाळी डबा उघडला तर ओल्या मोज्यांचा वास. बोटाला बुळबुळीत. दहा-बारा दाण्यांना स्वल्पविरामाएवढी शेपटी, बाकीचे नुसते फुगून बसलेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेलाही तेच.

आईला फोन केला तर म्हणाली, "फडक्यात बांध आणि विसरून जा. सारखं उघडून काय बघतोस, निकाल लागायचाय का?"

फडकं, बरणी की तो ऑनलाइन मिळणारा तीन मजली प्लॅस्टिकचा डबा? आणि मोड कच्चेच खावेत म्हणतात, ते खरं का?

आजीची_रोवळी | शनिवार, रात्री ११:०५

अरे एकट्या जीवा, झाकण लावलंस तिथेच तिचा जीव गुदमरला. भिजलेला दाणा जिवंत असतो, त्याला हवा लागते.

आधी निवड. मग तीन-चार पाण्यांनी चोळून धू. आठ-दहा तास भिजव, भांडं मोठं घे, मटकी दुपटीच्या वर फुगते. सकाळी रोवळीत उपसून ठेव आणि चांगली अर्धा तास निथळू दे. ही पायरी सगळे गाळतात. तळाशी पाणी राहिलं की वास आलाच. मग जुन्या मऊ सुती पंचाच्या तुकड्यात सैलसर पुरचुंडी बांध आणि रोवळीतच ठेव, वर ताट. उन्हाळ्यात रात्रीपर्यंत मोड येतात, थंडीत दुसरा दिवस उजाडतो. फडकं वाळलं तर पाण्याचा हबका मारायचा. बास.

आई बरोबर सांगतेय.

बटाट्याचा_मित्र | शनिवार, रात्री ११:११

आमच्याकडे मोड फक्त बटाट्यांना येतात. न भिजवता, न सांगता.

खानावळवाली | रविवार, सकाळी ६:२०

रोज आठ किलो मटकी भिजते माझ्याकडे, म्हणून चार ओळी लिहिते. डबे भरून झाले की मगच मोबाइल हातात येतो.

मोड येताना दाणे गरम होतात. वाटीभर मटकीत कळणार नाही, पण मोठ्या गाठोड्यात मधोमध हात घालून बघा, चांगली ऊब लागते. सुरुवातीला पाच किलो एकाच गोणपाटात बांधायचे. कडेची मटकी छान, मधली आंबलेली. तेव्हा वाटायचं दुकानदार जुना माल मिसळतो. भांडून आले त्याच्याशी. नंतर कळलं, मधल्या दाण्यांना ना हवा ना थंडावा. आता दोन-दोन किलोची चार गाठोडी करते आणि मध्ये एकदा हलवून घेते. एक किलोची दोन-सव्वादोन किलो होते.

आणि उसळीसाठी मोड लहान ठेवायचे, दाण्याएवढे. लांबडे मोड शिजताना तुटतात, रश्श्यात दोरे तरंगतात. गिऱ्हाईक केस समजून ताट परत पाठवतं.

बरणीबहाद्दर | रविवार, सकाळी ९:४५

पंचा, रोवळी, गाठोडं… आपण कुठल्या शतकात आहोत? काचेची बरणी घ्या, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा आणि रबरबँड. भिजवा, त्याच जाळीतून पाणी ओता, बरणी तिरकी उपडी करून भांड्यांच्या स्टँडमध्ये ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी घालून हलवून परत उपडी. आत काय चाललंय ते दिसतं. फडक्याला चार धुण्यांनंतर जो कायमचा पिवळा डाग आणि वास बसतो, त्याचं काय करता?

आजीची_रोवळी | रविवार, सकाळी १०:०२

फडकं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळत घालते. एकविसाव्या शतकातही ऊन पडतं.

टोरांटोची_थंडी | रविवार, सकाळी १०:३०

+१ रोवळीताईंना. फक्त आमच्याकडे बाहेर उणे १५ असतं आणि ओट्यावर १८ अंश. तिसऱ्या दिवशीही मटकी ढिम्म. मूग-मटकीला साधारण २५ ते ३० अंशांची ऊब लागते.

पहिल्या हिवाळ्यात हुशारी केली. इलेक्ट्रिक कुकरला दही लावायची सोय आहे, त्यावर रात्रभर ठेवली. दह्याला चाळिसाच्या वर तापमान लागतं, हे डोक्यातच आलं नाही. सकाळी अर्धवट शिजलेली, आंबट वासाची मटकी. नवरा म्हणाला, "दह्याच्या मोडवर मोड येत नसतात."

आता ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू, त्यात पुरचुंडी. त्या दिव्याची ऊब पुरते. ओव्हनच्या दारावर चिठ्ठी लावा मात्र. एकदा न बघता पिझ्झासाठी ओव्हन तापवलाय.

बरणीबहाद्दर | रविवार, सकाळी १०:३४

"दह्याच्या मोडवर…" तुमच्या यजमानांना दंडवत.

बांधावरचा_भाऊ | रविवार, दुपारी १:१५

सगळे पद्धतीवर बोलतायत, बियाण्यावर कोणीच नाही. धागाकर्ते, आधी मटकी जिवंत आहे का ते बघा.

आम्ही लातूरकडचे सोयाबीनवाले. मे महिन्यात घरचं बियाणं पेरायच्या आधी उगवण तपासतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या रांगेत मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. पाच-सात दिवसांनी उघडून मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं पेरणीजोगं, त्याखाली गेलं तर एकरी बियाणं वाढवायचं किंवा बदलायचं. सोयाबीनची साल फार नाजूक. पोतं उंचावरून आपटलं तरी उगवण घटते. मटकी त्यामानाने दणकट, तरी दुकानात किती वर्षं पडली होती कुणास ठाऊक.

तुम्हाला शंभराची गरज नाही. पन्नास दाणे ओल्या कागदी रुमालात ठेवा. दोन दिवसांत कळेल दोष कुणाचा.

फुगतच नाहीत ते दाणे वेगळे. ते गणंग. वरची साल इतकी घट्ट की पाणी आत शिरत नाही. भिजल्यावर मटकी हातात घेऊन बोटांनी चाळली की टणक लागतात, काढून टाकायचे, नाहीतर उसळीत दाताखाली खडा.

आणि एक महत्त्वाचं. कृषी केंद्रातलं पेरणीचं बियाणं स्वस्त मिळालं म्हणून मोड आणायला कधीही वापरू नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, म्हणून ते गुलाबी-लाल दिसतं. धुऊन ते जात नाही.

खानावळवाली | रविवार, दुपारी ३:४०

गणंग! कितीतरी वर्षांनी हा शब्द लिहिलेला बघितला. आमच्याकडे न सुधारणाऱ्या पोरालाही गणंगच म्हणायचे.

कट_वेगळा_द्या | रविवार, संध्याकाळी ५:१०

अवांतर: मिसळीत मोडाची मटकीच पाहिजे. वाटाण्याची मिसळ हा प्रकार कोणी काढला त्याचा शोध घ्यायला हवा.

कांदापोहे_४०४ | रविवार, संध्याकाळी ५:१२

सुरू झालं. आता कोल्हापूर, नाशिक, पुणे येणार आणि धाग्याचा रस्सा होणार.

कट_वेगळा_द्या | रविवार, संध्याकाळी ५:१३

पुण्यात मिसळीत पोहे घालतात, त्यावर मी काहीच बोललो नाहीये.

कांदापोहे_४०४ | रविवार, संध्याकाळी ५:१५

बोललात की.

हिरवी_पहाट | रविवार, रात्री ८:३०

कच्चं खाण्याच्या प्रश्नाला कोणी उत्तरच दिलं नाही. मोड कच्चेच खावेत. शिजवल्यावर त्यातली सगळी एन्झाइम्स मरतात, मग खायचं काय? मी चौदा वर्षं रोज सकाळी वाटीभर कच्चे मूग खातो. डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही.

सूक्ष्मदर्शक | रविवार, रात्री ९:२५

हिरवी_पहाट, तब्येत अशीच राहो. पण ती एन्झाइम्स म्हणजे प्रथिनं. ती मुगाला उगवायला लागतात. आपल्या पोटात गेली की बाकीच्या प्रथिनांसारखीच पचून जातात. क जीवनसत्त्व शिजवल्याने घटतं, हे मात्र खरं.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते. मोड आणायला आपण काय करतो? ओल, ऊब आणि भरपूर अन्न, दीड दिवस. जिवाणूंनाही नेमकं हेच लागतं. बियांच्या सालीच्या भेगेत ई. कोलाय किंवा साल्मोनेला असेल, तर मोड येईपर्यंत त्याचे लाखो होतात आणि नुसत्या धुण्याने निघत नाहीत. घरचे असोत की दुकानचे, धोका बीमधूनच येतो. १९९६ला जपानमध्ये साकाई शहरात हजारो शाळकरी मुलं ई. कोलायने आजारी पडली. संशय मुळ्याच्या कोवळ्या मोडांवर गेला. विक्री इतकी कोसळली की तेव्हाचे आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी कॅमेऱ्यासमोर ते मोड खाऊन दाखवले. २००६ला नवापूरच्या बर्ड फ्लूनंतर आपल्याकडे चिकन खाऊन दाखवत होते, तसंच.

निरोगी माणसाने अधूनमधून कच्चे खाल्ले तर लगेच काही होईल असं नाही. पण गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं किंवा केमो चालू असलेला पेशंट घरात असेल तर वाफवल्याशिवाय देऊ नका. वास चांगला आहे म्हणजे माल चांगला, असंही नसतं. ई. कोलायला वास नसतो.

एल्बेकाठचा | रविवार, रात्री १०:०५

सूक्ष्मदर्शक, २०११च्या मे-जूनमध्ये जर्मनीत ई. कोलायची साथ आली, तेव्हा मी हॅम्बुर्गात नोकरीला होतो. आधी सगळ्यांनी स्पेनच्या काकड्यांवर बोट ठेवलं. कॅन्टीनमधून काकडी, टोमॅटो, सॅलडची पानं एका दिवसात गायब. शेवटी माग निघाला तो मोड विकणाऱ्या एका जर्मन शेतापर्यंत आणि तिथून इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. पन्नासहून जास्त माणसं गेली. कितीतरी लोकांची मूत्रपिंडं निकामी झाली.

बायको रोज मेथीला मोड आणून सॅलडवर घालायची. बातमी ऐकली त्या दिवशी भरलेली बरणी झाकणासकट कचऱ्यात. मेथीचे मोड आजही खातो, पण फोडणीत परतून. कांदा, मिरची, ओलं खोबरं. कडवटपणाही कमी होतो.

हिरवी_पहाट | रविवार, रात्री १०:२०

अपवाद सगळीकडे असतात.

कांदापोहे_४०४ | रविवार, रात्री १०:२१

पन्नास अपवाद.

जुनी_पलटण | सोमवार, सकाळी ८:१५

क जीवनसत्त्वाचा विषय निघालाच आहे तर. कोरड्या कडधान्यात ते जवळजवळ नसतं, मोड येताना तयार होतं. हे पहिल्या महायुद्धाच्या काळात ठळकपणे पुढे आलं. १९१५च्या डिसेंबरपासून १९१६च्या एप्रिलअखेरपर्यंत मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कूत-अल-अमाराच्या वेढ्यात ब्रिटिशांची जी फौज अडकली, ती सहावी पुणे डिव्हिजन. तीत मराठा पलटणीही होत्या. ताज्या भाज्या नाहीत, बरेच हिंदी शिपाई घोड्याचं मांस खायला तयार नव्हते, त्यामुळे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीने हिरड्या सडायला लागल्या. त्याच सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी गिनिपिगांवर प्रयोग करत होत्या. कोरडी कडधान्यं खाऊन स्कर्व्ही टळत नाही, तीच भिजवून मोड आणली की टळते, हे त्यांनी दाखवलं.

आपल्या आज्या हे आधीपासून करत होत्या वगैरे लिहायचा मोह आवरतो. त्या चवीसाठी करत होत्या.

बिरडंवाली | सोमवार, दुपारी १२:३०

अख्खा धागा मटकीभोवती! कडव्या वालांना कोणी वालीच नाही.

आम्ही सीकेपी, श्रावणात बिरडं नाही असं होत नाही. वाल बारा-चौदा तास भिजवून बांधायचे, दीड दिवसात बोटाच्या पेराएवढे मोड. मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. चिमटीत दाबला की साल हातात आणि डाळिंबी सुळकन बाहेर. दहातली एक तरी फ्रिजखाली जातेच. लहानपणी आत्या, आई, काकू परातीभोवती बसायच्या आणि अर्ध्या गावाची लग्नं त्या परातीत जमायची. सोलून झाल्यावर मोड शाबूत दिसायला हवा, ही आत्याची अट. तुटका मोड दिसला की "कुणाचा हात हा?"

आता सोललेले वाल पाकिटात मिळतात. घेतेही मी, कबूल आहे.

मांडवीतीर | सोमवार, दुपारी १:०५

बिरडंवाली, आमच्या गोंयात मुगागाठी तशाच. मुगांना मोड आणून पाण्यात चोळून साली काढायच्या, मग ओल्या नारळाच्या वाटणात. मूग वालापेक्षा बारीक, त्यामुळे काम अधिक किचकट. साली पाण्यावर तरंगतात, त्या ओतून टाकायच्या. शेवटच्या चार साली राहिल्या तर राहू देत. सासूबाईंसमोर हे बोलू नये.

गिरगावकर_फ्रॉम_विरार | सोमवार, रात्री ९:४०

मोडांचीच मोठी बहीण म्हणजे समुद्रमेथी. आमच्याकडे वाळूत पेरलेल्या त्या बारीक मेथीच्या मुळांसकट जुड्या मिळतात. आठवड्या-दीड आठवड्याची रोपं, दोन पानांची. मी गॅलरीत आइस्क्रीमच्या डब्यात वाळू घालून करतो. फक्त धुवायला सहा पाणी लागतात, नाहीतर जेवताना चौपाटीवर बसल्यासारखं वाटतं.

प्रश्न: राजम्याला मोड आणून कच्चा सॅलडमध्ये चालतो का?

सूक्ष्मदर्शक | सोमवार, रात्री ९:५५

नाही नाही नाही. कच्च्या राजम्यात लेक्टिन असतं, मूठभर दाण्यांनीही उलट्या-जुलाब होतात. मोड आणून ते पुरेसं जात नाही. भिजवा, पाणी फेका, कुकरला चांगल्या शिट्ट्या करा. ज्वारीचे मोडही कच्चे नकोत, कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. बांधावरचे भाऊ सांगतील, गुरं का दगावतात.

बांधावरचा_भाऊ | मंगळवार, सकाळी ७:००

खरं आहे. पाऊस ओढला आणि ज्वारी गुडघ्याएवढीच खुरटली, की त्या रानात आम्ही गुरं फिरकू देत नाही. चुलत्याची गाय अर्ध्या तासात गेली होती.

बाळाची_आई_नवी | मंगळवार, दुपारी ११:३०

नाचणी चालते ना मग? सहा महिने पूर्ण झालेत, सासूबाई मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व द्यायला सांगतायत.

आजीची_रोवळी | मंगळवार, दुपारी १२:१०

चालते गं. नाचणी धुऊन भिजव, बांध, बारीक पांढरे मोड आले की सावलीत खडखडीत वाळव, मंद भाजून दळ. मोडाच्या पिठाची खीर पातळ होते, म्हणून घाबरू नकोस. डॉक्टरांना एकदा विचार मात्र.

सूक्ष्मदर्शक | मंगळवार, दुपारी १२:४०

पातळ होते तोच फायदा. मोड येताना दाण्यात पिष्ट तोडणारं एन्झाइम तयार होतं. (हिरवी_पहाट, इथे ते खरंच कामाला येतं, पण पातेल्यात.) त्यामुळे बाळाला गिळता येईल इतक्या पातळ खिरीत पीठ जास्त मावतं.

एकटाजीव_हिंजवडी | बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. भाऊंच्या सांगण्यावरून पन्नास दाणे ओल्या कागदी रुमालात ठेवले होते. आज मोजले. चव्वेचाळीस उगवले, चार नुसते फुगले, दोन गणंग. म्हणजे दुकानदार निर्दोष! झाकण न लावता, फडक्यात बांधून काल परत अर्धा किलो ठेवली, तर आज परत तेच. वास कमी, पण मोड नाहीत. एकाच पाकिटातली मटकी. आता बोला.

बरणीबहाद्दर | बुधवार, रात्री ९:२०

बरणी.

खानावळवाली | बुधवार, रात्री ९:३२

रुमालावर कुठलं पाणी घातलंत? आणि अर्धा किलो भिजवता ते कुठलं?

एकटाजीव_हिंजवडी | बुधवार, रात्री ९:४०

रुमालावर फिल्टरचं. मटकीला किटलीतलं. रात्री उशिरा येतो, सकाळी सातला निघतो, आठ तास मिळत नाहीत. एका व्हिडिओत बघितलं होतं की गरम पाण्यात लवकर भिजते.

खानावळवाली | बुधवार, रात्री ९:४१

गरम म्हणजे किती गरम?

एकटाजीव_हिंजवडी | बुधवार, रात्री ९:४४

किटली आपोआप बंद होते तेवढं.

आजीची_रोवळी | बुधवार, रात्री ९:४५

अरे देवा. उकळत्या पाण्यात घातलीस तिला!

बांधावरचा_भाऊ | बुधवार, रात्री ९:५०

चार दिवस आम्ही बियाण्यावर संशय घेतोय, आणि खून पहिल्याच रात्री झालेला.

टोरांटोची_थंडी | बुधवार, रात्री ९:५८

मी दह्याच्या तापमानात मारली, तुम्ही चहाच्या. कोमट म्हणजे बोट सुखाने बुडवता येईल इतकंच, तेही थंडीत. वेळ नसेल तर सकाळी निघताना साध्या पाण्यात घाला आणि रात्री उपसून बांधा.

एकटाजीव_हिंजवडी | शनिवार, सकाळी ७:३०

आले!!! गुरुवारी सकाळी गार पाण्यात घातली, ऑफिसमधून लवकर येऊन आठला उपसली, अर्धा तास निथळवली, बांधली आणि विसरलो. (खोटं. तीनदा बघितली.) काल संध्याकाळी प्रत्येक दाण्याला मोड, पांढरेशुभ्र. रात्री बारापर्यंत दोघांनी उसळ खाल्ली. रूममेटने न सांगता भांडी घासली.

एकच अडचण. पंचा नव्हता, म्हणून नवा टर्किश नॅपकिन धुऊन वापरला. मोड त्याच्या फासांतून आरपार गेलेत. ओढले की मोड तुटून आत राहतो आणि दाणा हातात येतो. पाऊण वाटी अजून अडकलेली आहे. आईला फोटो पाठवला, तिचं अजून काही उत्तर नाही. नॅपकिन पाण्यात बुडवून ठेवू का?

बिरडंवाली | शनिवार, सकाळी ७:४२

ठेव, पण गार पाण्यात.